एनरिच्ड युरेनियम: समृद्ध, संपृक्त की कसदार?

वर्धाकाठ: जिल्हा परिषद शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी युरेनियमवर मराठी फलक होतो आहे. 'एनरिच्ड'ला 'समृद्ध' लिहिलं होतं, ते खोडून 'संपृक्त' करायला सांगितलं; पेपरात तसंच छापतात म्हणे. बरोबर काय? आणि 'डिप्लीटेड'ला काय म्हणायचं?

खडूफळा: 'संपृक्त' साफ चूक. आणखी मीठ टाकलं तर तळाशी बसतं, ते संपृक्त द्रावण. इथं काही विरघळवत नाहीत. निसर्गातल्या युरेनियममध्ये शंभरातले ९९.२७ अणू २३८ वजनाचे आणि जेमतेम ०.७२ अणू २३५ वजनाचे. मंद न्यूट्रॉननं फुटतो तो २३५. त्याचा वाटा ३ ते ५ टक्क्यांवर नेला की अणुभट्टीचं इंधन, ९० च्या आसपास नेला की बॉम्बचा माल. काही पेपर 'शुद्ध केलेलं' लिहितात, ते तर आणखी वाईट. धातू कितीही शुद्ध केला तरी २३५ चा वाटा ०.७२ च राहतो.

धुऱ्यावरचा: समृद्धी म्हटलं की आमच्याकडं महामार्गच आठवते. जमिनीले म्हणतो तसं म्हणा ना भाऊ, कसदार आन् निकस. पोरायले वाचताच समजते. संस्कृत काहाले पाह्यजे?

हेक्स: शब्द गोड आहे, पण घोटाळा करेल. कस खनिजाचाही असतो. झारखंडातल्या जादुगुडाच्या खनिजात युरेनियम ०.१ टक्क्याहूनही कमी. कॅनडातल्या सिगार लेकचं खनिज दहा टक्क्यांच्या वर. 'कसदार युरेनियम' वाचून माणसाला सिगार लेक वाटेल. दोन्ही खाणींचं युरेनियम वेगळं काढलं तर त्यात २३५ चा वाटा मात्र सारखाच.

धुऱ्यावरचा: मंग हा वाटा वाढवतात कसा, ते सांगा. क्रियेवरूनच नाव पडन.

हेक्स: युरेनियम हेक्साफ्लोराइड घेतात. ते साधारण ५६ अंशांवर घनाचं थेट वायू होतं. शिवाय फ्लोरिनचा निसर्गात एकच समस्थानिक, म्हणजे सगळे अणू एकाच वजनाचे, त्यामुळे रेणूच्या वजनातला फरक फक्त युरेनियमचा: ३४९ आणि ३५२. हा वायू प्रचंड वेगानं फिरणाऱ्या उभ्या नळकांड्यात सोडला की ३५२ वाला भिंतीकडे दाटतो, ३४९ वाला मध्याकडे जरा जास्त राहतो. वजनातला फरक एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे एका नळकांड्यात थोडंच वेगळं होतं. म्हणून कारखान्यात हजारो नळकांडी एकमेकांना जोडलेली असतात. दमट हवा आत शिरली की हेक्साफ्लोराइडची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन फ्लोराइड आणि घन युरॅनिल फ्लोराइड तयार होतं. पहिलं फुप्फुसं जाळतं, दुसरं नळ्या तुंबवतं.

धुऱ्यावरचा: म्हंजे उपणणीच झाली! 'उपणलेलं युरेनियम' लिहा.

खडूफळा: उपणताना हलकं ते भूस आणि जड ते दाणे. इथं हलकंच हवं असतं. उलटा अर्थ पोरांच्या डोक्यात बसेल.

अंबाडी: मूळ नावच मराठी करा ना. युरेनस म्हणजे आपला वरुण, तर वरुणियम का नको?

खडूफळा: मराठीत युरेनस म्हणजे प्रजापती, वरुण हा नेपच्यून. हर्शेलला तो ग्रह १७८१ मध्ये सापडला आणि क्लाप्रोथनं १७८९ मध्ये नव्या मूलद्रव्याला त्याचंच नाव दिलं. त्याच्या हाती शुद्ध धातू नव्हता, तो पेलिगोनं १८४१ मध्ये काढला.

अंबाडी: ग्रहाचं सोडा, मी ग्रीक उरानोस देवाचं म्हणते. उरानोस आणि वरुण एकच, असं जुने पंडित सांगत.

खडूफळा: ताई, सांगत. ध्वनिनियमांत ते बसत नाही. 'वर्ष', 'वृष्टी' यांच्या मुळाशी नातं जोडणं जास्त पटतं.

वर्धाकाठ: आणि डिप्लीटेड?

हेक्स: ४ टक्क्यांचा १ किलो माल काढायचा आणि उरलेल्यात ०.२५ टक्के राहू द्यायचं ठरवलं, तर नैसर्गिक युरेनियम सुमारे ८ किलो लागतं. उरलेलं ७ किलो ते डिप्लीटेड. त्याला 'निःसत्त्व' म्हणू नका, २३५ चा तिसरा हिस्सा अजून त्यात असतो आणि किरणोत्सारही संपत नाही.

धुऱ्यावरचा: तेच तर निकस! निकस वावर म्हंजे काही पडीक नाही, थोडंफार पिकतेच.

हेक्स: इथं मान्य. घनता मात्र निकस नाही, शिशाच्या दीडपटीहून जास्त. म्हणून वेल्डिंगचे जोड गॅमा किरणांनी तपासायच्या कॅमेऱ्यात, किरणं सोडणाऱ्या इरिडियमभोवती पुष्कळदा याचंच कवच असतं.

अंबाडी: कवचाला चालतं, तर इंधनालाच समृद्ध कशाला हवं? तारापूरचं युनिट ३ आणि ४ नैसर्गिक युरेनियमवरच चालतं.

हेक्स: कारण तिथं न्यूट्रॉन मंद करायला जड पाणी आहे, ज्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा असतो; ते न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. साधं पाणी न्यूट्रॉन गिळतं, म्हणून १ आणि २ ला एनरिच्डच लागतं.

खडूफळा: 'जड पाणी' नको, 'भारी पाणी' म्हणा.

धुऱ्यावरचा: भारी म्हंजे आमच्याकडं झकास. 'तारापुरात भारी पाणी हाये' वाचून पोट्टे हासतीन.