मदत हवी आहे : आंबिल ओढ्याच्या पाणलोटाचा नकाशा

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यातल्या आंबिल ओढ्याकाठचे, सहकारनगर भागातले. २५ सप्टेंबर २०१९ ची ओढ्याच्या पुराची रात्र अजून अंगावर येते. सगळे ओढ्याकाठच्या सीमाभिंतीचंच बोलतात (म्हणजे पाणी पुढच्याच्या घरात!), पण लोंढा येतो कात्रजच्या डोंगरउतारावरून. म्हणून कात्रजपासून ओढा मुठा नदीला मिळतो तिथपर्यंतच्या सोसायट्या आणि वस्त्या एकत्र बसवून नकाशा करायचाय : पाणी कुठे तुंबतं, कुठला पूल अरुंद आहे, कुठे मुरवता येईल.

क्यूजीआयएस (नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर) येतं थोडंफार, पण जमिनीच्या उंचीचा मोफत डेटा ३० मीटरचा, म्हणजे दर ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची. शहरातल्या ओढ्याला फारच ढोबळ. दुसरं काही वापरलंय का कुणी? आणि खरा पेच : ज्यांच्या दारात कधी पाणी आलंच नाही, त्या वरच्या सोसायट्यांना पावसाचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यांसाठी कसं तयार केलंत? पुण्यातल्याच रामनदीवर असं काम केलेलं कुणी आहे का इथे?