मे महिन्यात आठवडाभरासाठी गुहागरला घर हवे आहे

येत्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही ११ जण, त्यांत ८२ वर्षांची आजी आणि चार मुले, गुहागरला सात दिवस राहण्याचा विचार करीत आहोत. हॉटेलच्या चार वेगळ्या खोल्यांऐवजी ओटी, पडवी आणि स्वयंपाकघर असलेले अख्खे घर भाड्याने मिळावे, अशी इच्छा आहे.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका गावी 'समुद्रालगत' म्हणून घेतलेले घर प्रत्यक्षात दीड किलोमीटर आत निघाले. तिसऱ्या दिवशी विहीर आटल्यामुळे टँकरची वाट पाहत बादल्या मांडून बसावे लागले आणि आगाऊ दिलेली निम्मी रक्कमही परत मिळाली नाही. म्हणून या वेळी मेमधील पाण्याची आणि इन्व्हर्टरची खात्री आधीच करून घ्यायची आहे. आजीसाठी तळमजल्यावर कमोड असणे अत्यावश्यक आहे. बाकी सोयींबाबत आमचा हट्ट नाही.

बाजारातून मासे आणून घरीच रांधण्यास काही घरमालक परवानगी देत नाहीत, हे समजून घेऊनच विचारतो: अशी मुभा देणारे घर कोणाच्या माहितीत आहे का? आगाऊ रक्कम साधारण किती द्यावी आणि ती परत मिळण्याची अट लेखी कशी घ्यावी? चिपळूण स्थानकापासूनचे सुमारे ४५ किलोमीटर वळणाचे रस्ते आजीला एसटीऐवजी मोठ्या जीपने गेल्यास अधिक सोसतील, असे वाटते. तिथे गाडी आधी ठरवावी लागते का, हेही कृपया कळवावे.