एसक्यूएलअल्केमी १.३ वरून २.० वर आलो, पावती छापली जाते पण टेबलात ओळच नाही, मदत हवी

मंडळी, वाळपईहून पणजीला येणाऱ्या कदंब बसमध्ये बसून मोबाईलवर टाइप करतोय, त्यामुळे कोडची नावंसुद्धा देवनागरीतच, सांभाळून घ्या.

मामांचा सत्तरीत काजूबिया खरेदीचा धंदा आहे. त्यांना मी ५ वर्षांपूर्वी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम करून दिलेला, शेतकरी बिया घेऊन आला की वजन, त्या दिवसाचा दर, आधी घेतलेली उचल वजा आणि हातात पावती. मागे पोस्टग्रेस डेटाबेस, मध्ये त्याच्याशी बोलणारी पायथनची लायब्ररी एसक्यूएलअल्केमी १.३, कधी तक्रार नाही. यंदा जुना कॉम्प्युटर बसला, नव्यावर बॅकअप चढवला आणि मी घाईत पिप इन्स्टॉल (लायब्ररी उतरवायची कमांड) मारलं. व्हर्जन लिहून ठेवायची अक्कल तेव्हा नव्हती, सरळ २.० आलं.

मग एररची रांगच लागली. इंजिन डॉट एक्झिक्युट म्हणजे काय ते इंजिनला (डेटाबेसशी जोडणी देणाऱ्या भागाला) माहीतच नाही, साध्या स्ट्रिंगमधली क्वेरी चालत नाही म्हणून सगळीकडे टेक्स्ट गुंडाळलं, सिलेक्टमधले चौकोनी कंस काढले, आणि ओळीतून कॉलमच्या नावाने व्हॅल्यू काढायला गेलो तर ट्युपलला आकडा पाहिजे म्हणतो, तिथे मॅपिंग्ज घातलं. इंजिन डॉट एक्झिक्युटच्या जागी सगळीकडे विथ इंजिन डॉट कनेक्ट केलं. सगळं गप्प झालं, मी खूश.

काल खरेदीचा पहिला दिवस. २३ पावत्या गेल्या, नंबर बरोबर ओळीने आले, १९०७ ते १९२९. संध्याकाळी मामांनी दिवसाची बेरीज काढली तर शून्य! टेबलात शेवटची नोंद १९०६. एरर एक पण नाही. नंबर जर डेटाबेसच देतोय तर ओळ गेली कुठे? मामा म्हणतात तुझ्यापेक्षा वही बरी होती रे.

प्रतिसाद
कमिट केलंयस का, म्हणजे बदल डेटाबेसात पक्का केलायस का? १.३ मध्ये इन्सर्ट, अपडेट, डिलीट दिसलं की लायब्ररी आपणहून कमिट करायची. २.० मध्ये ती सोय काढून टाकली. आता कनेक्शनवर पहिली क्वेरी गेली की ट्रान्झॅक्शन (कमिट होईपर्यंत कच्चाच राहणारा व्यवहार) सुरू होतं, आणि विथ संपताना तू कमिट केलं नसशील तर गुपचूप रोलबॅक, म्हणजे सगळं रद्द. इंजिन बनवताना इको ट्रू करून बघ, लॉगमध्ये रोलबॅक दिसेल. नंबर पुढे जातो कारण पोस्टग्रेसची सिक्वेन्स, म्हणजे नंबर देणारा काउंटर, रोलबॅकला जुमानत नाही, एकदा दिलेला नंबर ती परत घेत नाही.
जिथे लिहितोस तिथे कनेक्टऐवजी बिगिन वापर, ब्लॉक नीट संपला की कमिट, एरर आली तर रोलबॅक. आणि पावती ब्लॉकच्या बाहेर छाप, कमिट व्हायच्या आधी कागद बाहेर येता कामा नये.
खरं म्हणजे मधे १.४ वर थांबायला हवं होतंस. तिथे एसक्यूएलअल्केमी अंडरस्कोर वॉर्न अंडरस्कोर २० हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केला की नव्यात काय काय मोडणार ते वॉर्निंगमध्ये येतं, हे ऑटोकमिटचंसुद्धा. २.० वर उडी मारली की ही ताकीद देणारं कोणी राहत नाही.

मूळ लेखक
रोलबॅकच होता, २३ वेळा! बिगिन केलं, आता ओळी राहतात. इतके दिवस आपण कमिट लिहितच नव्हतो हे आज कळलं. आता कालच्या पावत्या, मामांकडे कार्बन कॉपी आहेत, तेच नंबर हाताने देऊन भरल्या तर पुढे भांडण होईल का?

प्रतिसाद
नाही होणार. सिक्वेन्स १९२९ च्या पुढे गेलेलीच आहे, त्या मधल्या जागा रिकाम्या आहेत. नंबर आणि कालची तारीख स्पष्ट देऊन इन्सर्ट कर, दर मात्र कालचाच घाल, आजचा नको.

मूळ लेखक
बरं झालं सांगितलंत, दर आपोआप आजचा पडला असता. बसतोच आता भरायला, मामा वही घेऊन शेजारी बसलेत.