पार्किंगमध्ये खेळणं बंद? (गोडोली, सातारा : सोसायटीचा ग्रुप)

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, मुलांनी पार्किंगमध्ये क्रिकेट खेळू नये. काल परत एका गाडीचा आरसा फुटला 🙏

ए-१०२ वहिनी: मग खेळायचं कुठं भाऊजी? बागेच्या जागेत पण गाड्याच लागल्यात.

सी-३०१ आजोबा: म्हणून म्हणतो, पोरं गावाकडंच वाढावीत. ललिता बाबर आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची फायनल पळाली. पैलवान खाशाबा जाधव गोळेश्वरचे. हितली पोरं एक मजला चढली की धापा टाकत्यात.

बी-२०४ सर: आजोबा, दमाचं पटतं. चालणं, सायकल, चढउतार यानं दम वाढतोच. पण आता गावातली पोरंही दारातून शाळेच्या गाडीत बसतात आणि घरी आली की मोबाईल. नुसत्या पत्त्यावर काही ठरत नाही. शिवाय झेलणं, फेकणं, नेम धरणं याला साहित्य लागतं, शिकवणारा लागतो. अदिती स्वामी शेरेवाडीची, तिच्या धनुर्विद्येसाठी घरचे साताऱ्यात राहायला आले. २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन, वय १७.

सी-३०१ आजोबा: हां, ते बरोबर. तरी विहिरीत पोहायला आम्हाला कोण सर नव्हते 😄

ए-१०२ वहिनी: सर, आमची सात वर्षांची आहे. लंगडी घालताना तीन उड्यांत पाय टेकते. काळजीचं आहे का?

बी-२०४ सर: सवय नाही, एवढंच असेल वहिनी. शाळेत खेलो इंडियाची (सरकारी क्रीडा योजना) तंदुरुस्तीची चाचणी घेतो, त्यात ५ ते ८ वर्षांच्या मुलांना अरुंद पट्टीवर एका पायावर उभं करतात, ६० सेकंदांत किती वेळा तोल गेला ते मोजतात. मोठ्या मुलांना ६०० मीटर पळवतात. तोल सरावानं येतो. लंगडीत तोल, पायातली ताकद, दिशा बदलणं सगळं येतं आणि जागा लागते दोन गाड्यांएवढी. रोज घाला.

डी-१०३: आमच्याकडं स्केटिंगचा क्लास लावलाय की.

बी-२०४ सर: चांगलंय. पण क्लास आठवड्यातून दोनदा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं घाम निघेल अशी हालचाल सांगते. ३-४ वर्षांच्यांना तर दिवसभरात मिळून १८० मिनिटं. ती शिवाशिवी, लपाछपीतच भरतात. आणि तुम्ही खेळायलाच बंदी घालताय.

सेक्रेटरी: सर, आरशाचे पैसे कोण देणार ते पण सांगा.

ए-१०२ वहिनी: सीझन बॉल बंद, टेनिस बॉल पण नको, प्लास्टिकचा चालेल. आणि संध्याकाळी ५ ते ७ बागेतल्या गाड्या बाहेर.

सी-३०१ आजोबा: माझी स्कूटर आत्ताच काढतो.

सेक्रेटरी: ठीक आहे, रविवारच्या मीटिंगपर्यंत करून बघू. झाडाखालची पांढरी गाडी कुणाची आहे? चावी घेऊन खाली या, पोरं खोळंबलीत.