स्टायपेंड राहू दे, शिकवणारा माणूस द्या
वर कुणीतरी म्हणालंय की पोरांना दर महिन्याला पैसे वाटण्यापेक्षा सरकारने तेच पैसे शहरातल्या क्लासवाल्यांना द्यावेत. अर्धंच पटलं. २०२४ ला महाराष्ट्र सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, म्हणजे ऑफिसात किंवा कंपनीत काम करत शिकायचं आणि महिन्याला स्टायपेंड घ्यायचा, बारावीवाल्याला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीधराला १०, थेट खात्यात, आणि प्रशिक्षणाच्या ६ महिन्यांचे पुढे ११ महिने झाले. माझा भाचा यातूनच एका सरकारी ऑफिसात होता, पहिले दोन महिने नुसतं झेरॉक्स आणि फायलींना नाड्या बांधणं, शिकवणार कोण, साहेबांनाच वेळ नाही (खुर्चीपण नव्हती हो, कपाटाशेजारी स्टुलावर बसायचा). मग एक्सेल बघणाऱ्या मॅडम रिटायर झाल्या आणि सगळ्या शीट याच्या गळ्यात पडल्या तेव्हा कुठे गडी व्हीलुकअप (एक्सेलमधलं माहिती शोधायचं सूत्र) शिकला, आता त्याच जोरावर एका गोडाऊनला स्टॉकचं बघतो. म्हणजे पैसा वाया नाही गेला, पण शिकला तो नशिबाने. स्टायपेंड बंद करू नका, कॉटबेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं आणि बसपास त्यातूनच निघतो. फक्त दहा पोरांमागे एक शिकवणारा नेमा आणि त्याचा पगार योजनेतूनच काढा, नाहीतर ऑफिसवाले पोरांना चहा आणायलाच पाठवणार.