'वारस लावणे' हा प्रयोग बरोबर आहे का?

वारस आणि वारसदार यात फरक काय, असा मूळ प्रश्न होता. अर्थात काहीच फरक नाही. वारसा म्हंजे मागं राहिलेलं, तो ज्याला जातो तो वारस, तोच वारसदार. मूळ अरबी, हिंदीतलं वारिस आणि विरासत त्याच घरातले. पण मला बोलायचंय ते 'वारस लावणे' बद्दल, कारण आमच्या सोलापुरात हे रोज कानावर पडतंय, 'बँकेत वारस कोण लावलाय?', 'एफडीला वारस लाव की', आणि या एका क्रियापदानं चांगल्या घरात अबोला आलेला मी बघितलाय.

आमचे काका यंत्रमागावर होते, साखर पेठेत. वारले तेव्हा मातीला सगळी भावकी आली (आमच्याकडं अंत्यविधीला सरळ माती म्हणतात, मग दहन असू दे नाहीतर लिंगायतांसारखं दफन), तिसऱ्या दिवशी सावडून घरी आलो आणि कपाटातनं एफडीची पावती निघाली, ४ लाखाची. नॉमिनीच्या रकान्यात धाकट्याचं नाव, का तर त्या दिवशी काकांना गाडीवर बसवून बँकेत तोच घेऊन गेला होता. थोरला म्हणाला, वारस हाच लावलाय म्हंजे पैसे ह्याचे. कोणी काय बोलेना. काकू भिंतीला टेकून बसलेल्या, त्या एवढंच म्हणाल्या, "मग मी कोण?"

नॉमिनी म्हंजे बँकेनं पैसे कोणाच्या हातात द्यायचे तो माणूस. बँकेची जबाबदारी तिथं संपते, पैशाची मालकी संपत नाही, ती वारसांचीच राहते, बँक खात्याबद्दल सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. (विम्याचा कायदा २०१५ ला बदललाय, जवळच्या नात्यातल्या नॉमिनीसाठी तिथं वेगळी तरतूद आहे, म्हणून पॉलिसीचं मी इथं धरत नाही.) नॉमिनी तुम्ही लिहून देता, उद्या बदलू शकता. वारस नात्यानं असतोय, तो लावायचा प्रश्नच नाही. कोणाला काय द्यायचं हे तुम्हालाच ठरवायचं असंल तर त्याला मृत्युपत्र लागतं, साध्या कागदावर चालतं, पण दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेतच.

काकांचं मृत्युपत्र नव्हतं. मग १९५६ चा हिंदू वारसा कायदा, त्यात पहिल्या वर्गात बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई, सगळ्यांना सारखं. आजी हयात होती. म्हंजे काकू, दोन मुलं, सोलापुरातच दिलेली मुलगी आणि आजी, पाच वाटे, प्रत्येकी ८० हजार. आजीला सांगितलं तर तिला पटेचना, लेकाचं आपल्याला कसं काय येतंय म्हणून. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत, हे वकिलाकडनं ऐकल्यावर मी परत एकदा विचारून घेतलं. मुसलमान घरात कायदा वेगळा, वाटेही वेगळे.

आता 'लावणे' आलं कुठनं? मला वाटतंय सातबाऱ्यावरनं. माणूस मयत झाल्यावर तलाठ्याकडं अर्ज जातो, फेरफार होतो, 'वारसांची नावं लागली' असं आपण म्हणतो, आणि तिथं ते बरोबरच आहे, कारण वारस आधीच ठरलेले असतात, लागतं ते फक्त नाव. तेच क्रियापद बँकेत गेलं आणि माणूस जिवंत असतानाच वारस लावायला लागले. सातबाऱ्याला नाव लागलं म्हंजे मालकी लागली असंही नाही, तो महसुलाचा कागद, पण ते वेगळं भांडण आहे.

'नामनिर्देशित' हा छापील शब्द कोणाच्या तोंडात बसत नाही, तेव्हा नॉमिनीच म्हणा, पण त्याला वारस म्हणू नका.

याच्याच जोडीला 'बहिणीची सही घेणे'. ऐकायला किती साधं वाटतंय, चहा घेतल्यासारखं! ती सही हक्कसोडपत्रावर असंल तर बहीण जमिनीतला आपला वाटा कायमचा सोडतीय आणि ते पत्र नोंदणी केलेलंच लागतं. नुसत्या वारस नोंदीच्या अर्जावर असंल तर ती काहीच सोडत नाही, उलट आपलं नाव लावून घेतीय. दोन्हीला आपण 'सही'च म्हणतो, आणि बहिणीला कागद वाचून दाखवायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. आमच्या चुलत बहिणीला मी आधी वाचून दाखवला, मग पेन दिला.

बार्शी, पंढरपूरकडं पण 'वारस लावणे'च म्हणतात का? का तिकडं दुसरं काही आहे?