रॅप्टर 700 चे पुढचे शॉक बदलायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी शारजात राहतो. थंडीत दर शनिवारी पहाटे यामाहा रॅप्टर 700 ही चार चाकांची क्वाड बाइक घेऊन अल बदायरच्या वाळूत जातो. गाडी जुनी, दोन हातांतून माझ्याकडे आलेली. पुढच्या डाव्या शॉकच्या (धक्के शोषणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरच्या) सीलमधून तेल झिरपतंय, दांड्यावर वाळूचे ओरखडे आहेत. टेकडी उतरून खळग्यात आलो की शॉक तळाला आपटतो आणि दणका थेट मनगटात बसतो. माझं वजन 94 किलो. प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) शेवटच्या खाचेपर्यंत वळवला. पुढचा भाग उंच झाला, आपटणं थांबलं नाही.

आता एक तर मूळ ए-आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे A आकाराचे दांडे) ठेवून एल्का किंवा फॉक्सचे रिझर्व्हॉयरवाले (तेलाची जादा टाकी असलेले) शॉक घ्यायचे, माझ्या वजनाच्या स्प्रिंगसह. नाहीतर दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच लांब ए-आर्म. मूळ रुंदी 46 इंच, ती 50 होईल, आडव्या उतारावर गाडी उलटण्याची भीती कमी. पण मग टाय रॉड (स्टिअरिंग चाकांना जोडणारे दांडे) आणि ब्रेकच्या नळ्याही लांब हव्यात. शिवाय लांब आर्ममुळे चाकाला तरफ जास्त मिळते, म्हणजे स्प्रिंग आणखी कडक लागणार. शॉक आर्मनुसारच मागवायचे असतात, त्यामुळे आज शॉक आणि पुढच्या वर्षी आर्म असं केलं तर पैसे दोनदा जातील. इथेच माझं अडलंय.

वाळूत चालवणाऱ्यांनो, रुंदीचा फरक खरंच जाणवतो का? तुमचं वजन आणि स्प्रिंगचा रेटही (ती किती कडक आहे ते) लिहा. जुन्याच शॉकला नवं सील, तेल आणि कडक स्प्रिंग घालून कुणी चालवलंय का?